पुन्हा न येणारी नक्षी

या सदरात वर्षभर शब्दांचा आणि पुस्तकांचा संसार चालतो. दिवाळी अंकात मात्र संपादकमहाशय हात थोडा सैल सोडतात आणि लेखकाला शीव ओलांडण्याची मुभा मिळते. तेव्हा यंदा वाचकांच्या परवानगीने मी गणिताच्या वाड्यात डोकावून येणार आहे. घाबरून पान उलटू नका. बीजगणिताचे एकही समीकरण मी मांडणार नाही. विषय आपल्या अगदी पायाखालचा आहे. तो म्हणजे फरशी!

फरशी चौकोनी असो की षट्कोनी, तिची गंमत पुनरावृत्तीत असते. एक नक्षी घ्यावी, ती उजवीकडे सरकवावी, पुढे सरकवावी, की झाली खोली पुरी. अंगणात घातलेली ठिपक्यांची रांगोळी, साडीच्या पदरावरची वेलबुट्टी, भिंतीवरचा नक्षीचा कागद, सगळ्यांचे मर्म हेच. अशा सपाट, फिरून फिरून येणाऱ्या नक्ष्यांचे प्रकार अगणित वाटतात. पण त्यांच्या मांडणीतील सममितीचा विचार केला तर ते नेमके सतरा भरतात, हे फेदोरोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८९१ सालीच सिद्ध करून ठेवले आहे. म्हणजे जगातल्या तमाम कारागिरांनी शतकानुशतके जे काही केले, ते या सतरा खणांत बसते!

आता नक्षी ‘फिरून येते’ म्हणजे नेमके काय? एक मोठा ट्रेसिंग कागद घ्या आणि फरशीवर पसरून सगळ्या रेषा गिरवा. मग कागद न वळवता नुसता सरकवा. कुठेतरी तो पुन्हा रेषान् रेषा जुळून बसला, तर नक्षी फिरून येणारी. कितीही सरकवला तरी पुरता जुळला नाही, तर न येणारी.

गणितज्ञांनी या साध्या गोष्टीतून एक खोडकर प्रश्न काढला. एकाच आकाराच्या फरश्यांनी सारी अमर्याद जमीन भरायची, मध्ये फट नको, एकावर एक चढणे नको. आणि तरीही, त्या फरश्या कशाही लावल्या तरी, नक्षी कधीच फिरून येता कामा नये. असा आकार आहे काय? चौरस मुद्दाम वाकडेतिकडे सरकवून मीही विस्कटलेली नक्षी करून दाखवीन. पण चौरसांना शिस्तीने मांडण्याची वाट मोकळी असतेच. इथे ती वाटच बंद असायला हवी. प्रश्न सक्तीचा आहे. त्याचे उत्तर मिळाले २०२३ साली, आणि ते शोधणारा गृहस्थ कुठल्याही विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी मागची साठ वर्षे पाहिली पाहिजेत.

१९६१ मध्ये हाओ वांग नावाच्या चिनी तर्कशास्त्रज्ञाने चौरस फरश्यांच्या चारही कडांना रंग दिले आणि नियम घातला: शेजारच्या कडांचे रंग जुळले पाहिजेत आणि फरशी वळवायची नाही. मग त्याने विचारले, कुठलाही संच हाती दिला तर त्याने सारी जमीन भरेल की नाही हे यंत्राला ठरवता येईल का? त्याची अटकळ अशी की, जो संच जमीन भरतो तो फिरून येणाऱ्या नक्षीनेही भरू शकतोच. तसे असेल तर यंत्राचे काम सोपे. त्याने मोठमोठे तुकडे मांडून पाहत जावे. एक तर कुठेतरी अडेल, म्हणजे उत्तर ‘नाही’. किंवा फिरून येणारा तुकडा सापडेल, म्हणजे उत्तर ‘होय’.

वांगच्याच विद्यार्थ्याने, रॉबर्ट बर्जरने, ही अटकळ पार उधळून लावली. ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्ये दाखवले होते की, दिलेले गणकयंत्र आपले काम संपवून कधी थांबेल की अनंत काळ चालूच राहील, हे सर्व यंत्रांच्या बाबतीत सांगू शकेल अशी कुठलीच रीत असू शकत नाही. बर्जरने फरश्यांना गणकयंत्राचे सोंग दिले. फरश्यांची एक ओळ म्हणजे यंत्राची एक पायरी. यंत्र थांबले की फरशी अडली. यंत्र चालत राहिले की फरशीही पसरत राहिली. तेव्हा यंत्राचे भविष्य सांगता येत नसेल तर फरशीचेही येत नाही. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून एक आश्चर्य ओघाने बाहेर पडले: जमीन भरतात पण नक्षी कधीच फिरून येऊ देत नाहीत, असे फरश्यांचे संच खरोखर आहेत. बर्जरच्या संचात फरश्यांचे २०,४२६ प्रकार होते. एवढे प्रकार सांभाळणारा गवंडी कुठे शोधायचा?

मग उतरती भाजणी सुरू झाली. खुद्द बर्जरने संच १०४ पर्यंत आणला. राफाएल रॉबिन्सनने १९७१ मध्ये तो सहावर आणला. आणि १९७४ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या रॉजर पेनरोज यांनी तो दोनच आकारांवर आणला. त्यातल्या एका जोडीला ‘पतंग’ आणि ‘बाण’ म्हणतात. हेच पेनरोज पुढे कृष्णविवरांवरील कामासाठी २०२० मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. त्यांच्या नक्षीची आणखी एक कथा आहे. १९९७ मध्ये एका बड्या कंपनीच्या शौचकागदावर आपल्यासारखीच नक्षी उमटलेली पाहून त्यांच्या बाजूने कोर्टात दावा लावण्यात आला होता. गणिताला बाजारभाव नसतो असे कोण म्हणतो?

इथे कुणी विचारील, “नक्षी फिरून येत नाही, म्हणजे नुसता गोंधळच ना?” मुळीच नाही, आणि हे समजावून द्यायला मराठीच्या मास्तराजवळ त्याचे घरचेच साधन आहे: लघु आणि गुरू. वृत्ते शिकताना आपण ‘ल’ आणि ‘ग’ मांडीत असू. भुजंगप्रयात म्हणजे एकच गण चार वेळा. ती झाली चौकोनी फरशी. आता निराळा खेळ खेळू. नियम दोनच. जिथे ‘ग’ असेल तिथे ‘गल’ लिहा. जिथे ‘ल’ असेल तिथे ‘ग’ लिहा. आरंभ एका ‘ग’ ने करू. पहिली ओळ ‘ग’. दुसरी ‘गल’. तिसरी ‘गलग’. चौथी ‘गलगगल’. पाचवी ‘गलगगलगलग’. प्रत्येक ओळ म्हणजे आधीच्या दोन ओळी एकीपुढे एक ठेवलेल्या. अक्षरे मोजा: एक, दोन, तीन, पाच, आठ. हीच संख्यांची माळ बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना दिली होती. इटलीच्या फिबोनाचीचे पुस्तक त्यानंतरचे, १२०२ सालचे. पण जगभर माळेला नाव मात्र त्याचे पडले.

ही ओळ अशीच वाढू द्या. तिच्यात नियम आहे, लय आहे, कुठलाही तुकडा पुढे पुन्हा पुन्हा भेटत राहतो. परंतु सबंध ओळ ठरावीक अंतराने फिरून कधीच येत नाही. कारण सोपे आहे. ओळ फिरून येत असती तर ‘ग’ आणि ‘ल’ यांचे प्रमाण पाचास तीन, आठास पाच असे कुठल्यातरी पूर्ण अंकांत बसले असते. प्रत्यक्षात ते १.६१८... अशा एका संख्येकडे सरकत जाते, आणि ती संख्या कुठल्याच पूर्णांकांच्या भागाकाराने मिळत नाही. पेनरोज यांच्या नक्षीत पतंग आणि बाण यांचे प्रमाणही नेमके हेच. सांगायचा मुद्दा असा की नियम असणे निराळे आणि तेच ते पुन्हा येणे निराळे. या दोन गोष्टी आपण मनात एक करून टाकल्या आहेत. नुसत्या आपणच नव्हे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही एक करून टाकल्या होत्या, आणि त्यापायी एका माणसाला फार सोसावे लागले.

त्या माणसाचे नाव दान शेख्टमन. हे इस्रायलचे शास्त्रज्ञ १९८२ साली अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या सरकारी मानक प्रयोगशाळेत रजेवर काम करीत होते. ॲल्युमिनियम आणि मँगनीज यांचा वितळलेला मिश्रधातू झटकन थंड करायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना पाहायची, असे ते काम. ८ एप्रिल रोजी त्यांना ठिपक्यांची एक आकृती दिसली. एका वर्तुळात सारख्या अंतरावर दहा ठिपके! वहीत त्यांनी ‘दहापदरी’ अशा अर्थाची नोंद केली आणि पुढे तीन प्रश्नचिन्हे काढली.

प्रश्नचिन्हे का? तर स्फटिकशास्त्राचा पाया असा होता की स्फटिक म्हणजे अणूंची फिरून येणारी नक्षी. अशा नक्षीला दोन, तीन, चार किंवा सहा पदरांची सममिती असू शकते. पाचाची आणि दहाची नाही. सुबक पंचकोनी फरश्या लावून पाहा. प्रत्येक कोन १०८ अंशांचा. एका बिंदूभोवती तीन लावल्या की ३२४ अंश होतात. उरलेल्या ३६ अंशांच्या फटीत चौथी शिरत नाही. मग दहा ठिपके आले कुठून? ‘हा जोडस्फटिकांचा भ्रम आहे’ असे सहकारी म्हणाले. गटाच्या प्रमुखांनी पाठ्यपुस्तक हाती ठेवून ते वाचायला सांगितले, आणि पुढे शेख्टमनना तो गट सोडावा लागला. लेख एका नियतकालिकाने परत पाठवला. तो अखेर तिघा सहकाऱ्यांसह नोव्हेंबर १९८४ मध्ये दुसरीकडे छापून आला. रसायनशास्त्राचे आणि शांततेचे अशी दोन नोबेल पारितोषिके मिळवलेले लायनस पाउलिंग मात्र १९९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा शोध मानायला तयार झाले नाहीत.

पण सूक्ष्मदर्शकाला थोरामोठ्यांची भीड नसते. अणू पेनरोज यांच्या नक्षीसारखे, म्हणजे नियमाने पण फिरून न येता, बसू शकतात हे हळूहळू सर्वांना पटले. १९९२ मध्ये स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने ‘स्फटिक’ या शब्दाची व्याख्याच बदलली. २००९ मध्ये रशियाच्या अतिपूर्वेकडून आलेल्या एका दगडात असा नैसर्गिक पदार्थही सापडला, आणि तो दगड उल्केचा निघाला! २०११ मध्ये शेख्टमनना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही कुणाशी वाटून न घेता. वहीतल्या तीन प्रश्नचिन्हांना उत्तर मिळायला एकोणतीस वर्षे लागली.

आता पुन्हा फरशीकडे वळू. दोन आकारांवर आलेली संख्या एकावर येईना. या एका आकाराला गणितज्ञ थट्टेने ‘आइनस्टाइन’ म्हणत. जर्मनमध्ये ‘आइन श्टाइन’ म्हणजे एक दगड. पन्नास वर्षे गेली. अनेकांना वाटू लागले की असा दगड नसेलच.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ब्रिडलिंग्टन गावी डेव्हिड स्मिथ नावाचे गृहस्थ राहतात. छपाईच्या धंद्यात तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. आकारांशी खेळणे हा त्यांचा छंद. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉम्प्युटरवर आकार जुळवता जुळवता त्यांना एक तेराबाजू आकार भेटला. षट्कोनाच्या मध्यापासून प्रत्येक बाजूच्या मध्यावर रेघ ओढली की त्याचे सहा पतंगासारखे तुकडे पडतात. शेजारशेजारच्या षट्कोनांतले असे आठ तुकडे जोडून तो आकार झाला होता. दिसायला थोडासा सदऱ्यासारखा. पण नाव पडले ‘टोपी’. पडद्यावर हा आकार नेहमीसारखा वागेना. तेव्हा स्मिथनी जाड कागदाच्या तीस टोप्या कातरल्या आणि टेबलावर जुळवायला बसले. मग आणखी तीस कातरल्या. टोप्या जुळत गेल्या. नक्षी मात्र फिरून येईना.

त्यांनी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या क्रेग कॅप्लन या संगणकशास्त्रज्ञांना पत्र टाकले. कॅप्लननी ते नजरेआड केले नाही, हे या कथेतले मला सर्वांत आवडणारे वाक्य! लवकरच जोझेफ मायर्स आणि चैम गुडमन-स्ट्रॉस हे दोन गणितज्ञ त्यांना येऊन मिळाले. एका सिद्धतेत टोप्यांच्या जुळणीचे नाना प्रकार गणकयंत्राने तपासले. दुसरी मायर्सची, ती रांगोळी घालणाऱ्यांना आवडावी. दोन ठिपक्यांच्या मधोमध वरच्या ओळीचा ठिपका, अशी त्रिकोणी जाळी डोळ्यांपुढे आणा. टोपीच्या बाजू कमीजास्त ताणून तिच्यापासून दोन निराळे आकार मिळतात. टोप्यांची नक्षी फिरून येत असती, तर त्या दोन आकारांच्या नक्ष्यांवरून अशी एक जाळी दुसरीच्या बरोबर वर्गमूळ दोन पट व्हावी लागली असती. आणि त्रिकोणी जाळीत ती पट कुठल्याच दोन ठिपक्यांमध्ये सापडत नाही. झाले! मार्च २०२३ मध्ये चौघांचा निबंध जगापुढे आला.

विद्वानांच्या सभेत शंका निघणारच. टोप्यांच्या नक्षीत सुमारे सातांमागे एक टोपी पालथी घालावी लागते. “मग हा एक आकार कसा? डावा नि उजवा असे दोन झाले!” असे काहींनी म्हटले. स्मिथ पुन्हा कागद कातरायला बसले. टोपीच्याच एका भावंडाकडे त्यांचे लक्ष गेले, आणि मे महिन्यात त्याच चौघांनी दुसरा आकार सादर केला. त्याच्या कडा जरा वक्र केल्या की पालथा तुकडा जुळतच नाही, आणि तरीही जमीन भरते. त्याचे नाव ‘भूत’. शंकेला जागा उरली नाही.

स्मिथना एक वडीलधारी बहीण आहे, नात्याने नव्हे तर वृत्तीने. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या मार्जोरीबाई राइस. शिक्षण शाळेपुरते, व्याप संसाराचा. सगळ्याच पंचकोनांनी जमीन भरत नाही. काही विशिष्ट जातींच्या पंचकोनांनीच भरते. १९६८ मध्ये एका गणितज्ञाने या जाती आठच आहेत असे जाहीर केले होते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या मासिकातल्या सदरात हा विषय आला, आणि लगेच एका वाचकाने नववी जात काढून दाखवली. ते वाचून बाई स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढू लागल्या. गणिताची चिन्हे ठाऊक नव्हती, म्हणून स्वतःची चिन्हे तयार केली. कुणी आत आले की कागद झाकून टाकीत. कारण काय चालले आहे ते समजावून सांगायचे कुणाला? अशा रीतीने त्यांनी चार नव्या जाती शोधल्या. पुढे वॉशिंग्टनमधील गणितसंस्थेच्या दालनात त्यांच्या नक्षीची फरशी बसवण्यात आली. आज या जाती पंधरा आहेत. आणि सोळावी नाही, असे २०१७ मध्ये मिकाएल राव या फ्रेंच गणितज्ञाने गणकयंत्राच्या साह्याने दाखवले आहे.

कुणी व्यवहारी वाचक म्हणेल, “ठीक आहे, पण याचा उपयोग काय?” त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. २०१५ मध्ये क्युबिट, पेरेझ-गार्सिया आणि वोल्फ या तिघांनी पदार्थविज्ञानातला एक मूलभूत प्रश्न हाती घेतला. पदार्थातल्या कणांना सर्वांत खालच्या ऊर्जेवरून वर जाताना ठसठशीत पायरी चढावी लागते, की उतारावरून हळूहळू वर सरकता येते? त्यांनी सिद्ध केले की सर्व पदार्थांसाठी याचे उत्तर देणारी एकच रीत असू शकत नाही; आणि त्यासाठी त्यांनी वापरल्या रॉबिन्सनच्या फरश्या! बर्जरचा धडा थेट पदार्थाच्या पोटात शिरला. दुसरी गोष्ट २०२३ सालची. क्वांटम गणकयंत्रातली माहिती फार नाजूक असते. एक कण ढळला की ती बिघडते. म्हणून ती अशी पसरून ठेवावी लागते की कुठल्याही लहान कोपऱ्यात ती एकटी सापडू नये. झी ली आणि लेथम बॉइल यांनी दाखवले की पेनरोजच्या नक्षीत हा गुण अंगचाच आहे. नुसता एक तुकडा पाहून ती कुठली फरशी हे सांगता येत नाही; उलट तेवढा तुकडा पुसला गेला, तर उरलेल्या नक्षीवरून तो जसाच्या तसा भरून काढता येतो.

उपयोगाचा हिशेब हा असा. पण तो मांडूनच ही विद्या मोठी ठरवायची असेल, तर ओट्यावरच्या त्या झाकलेल्या कागदांवर आपण अन्याय करू. ते कागद झाकले गेले ते शत्रूच्या भीतीने नव्हे, आपल्याच माणसांच्या “हे काय नवीन?” या प्रश्नाच्या संकोचाने. शेख्टमनना विद्वान सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्नही त्याच जातीचा होता. पुस्तकात नाही ते खरे नसेल, आणि पदवी नसलेल्याला काय कळणार, ही दोन वाक्ये सुशिक्षितांच्या घरातच जास्त ऐकू येतात. तुमच्या घरी कुणी कागदावर काही विचित्र जुळवीत बसले असेल, मग ते चिरंजीव असोत, सूनबाई असोत की पेन्शनीत निघालेले आजोबा, तर सुटीत जरा त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा. समजले नाही तरी चालेल.

आणि स्वतःला खेळ करून पाहायचा असेल, तर कपाटात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असेलच. त्यांतून साठ टोप्या कातरा. सातांत एक पालथी लागते हे मात्र विसरू नका. स्मिथना तेवढ्याच लागल्या होत्या.